खिडकीकडच्या खुंटीवरचं होल्स्टर

१

गुरुवारी सकाळी मी नेरेइदाचं होल्स्टर घोटायला घेतलं. आत बोट घालून कडा तपासताना बोटाला काही लागलं नाही, पण उजेडात धरलं तेव्हा आतलं चामडं काळंनिळं दिसलं.

मी ते खाली ठेवलं, हात धुतले आणि पुन्हा पाहिलं. डाग तसाच होता. चापाच्या कमानीपासून नळीच्या टोकापर्यंत अख्ख्या रिव्हॉल्व्हरची सावली पडली होती. शेजारची दोन होल्स्टरं पाहिली. ती आतून साईसारखी स्वच्छ होती.

गेली एकतीस वर्षं मी भावाच्या दुकानात शिवणकाम करते. भावाचं नाव लाडिस्लाव, पण गावाचा तो लाडी. टेक्सासातल्या आमच्या वेलेहोव गावात आजोबा घोड्यांची खोगिरं करायचे, वडील कमरेचे पट्टे करायचे. आम्ही होल्स्टरं, म्हणजे खिशातल्या रिव्हॉल्व्हरसाठी चामडी म्यानं करतो. दारावर वडिलांच्या हातची पाटी आहे: "पँट घेऊन या, शस्त्र गाडीत ठेवून या." आम्ही ओलं चामडं प्लास्टिकच्या नकली रिव्हॉल्व्हरवर दाबून बसवतो. खरं शस्त्र आमच्या टेबलावर कधी येत नाही.

म्हणून तो डाग पडायलाच नको होता. आमचं चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं. ते ओलं असताना त्याला लोखंड लागलं की बिडाच्या तव्यात चहा उकळल्यासारखं काळं पडतं, आणि तो काळेपणा जन्मात जात नाही.

दाराची घंटी वाजली. शेरीफच्या कचेरीतले तपासनीस रेनफ्रो टोपी हातात घेऊन आत आले.

"मॅम, नेरेइदा कांतूनं तुमच्याकडे होल्स्टर सांगितलंय ना? ते मला बघायचंय."

२

रेनफ्रो अंगानं दारभर आणि आवाजानं माझ्याइतकेच हळू. त्यांनी थोडक्यात सांगितलं.

व्लास्ता तेताच्या पलंगाजवळच्या खणातून त्यांच्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर गेलं होतं. तेता म्हणजे आमच्याकडे मावशी. गावात कुणाची सख्खी, कुणाची चुलत, पण एक्याऐंशी वर्षांच्या व्लास्ताबाई सगळ्यांच्याच तेता. नवरा एमिल गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याचं ते जुनं, पोलादी, पाच गोळ्यांचं, मुठीएवढं रिव्हॉल्व्हर तेतांनी जपून ठेवलं होतं. रविवारी डॉमिनो खेळताना ते सगळ्यांनी पाहिलं. बुधवारी संध्याकाळी खण रिकामा.

"घराची किल्ली तेतांकडे आणि नेरेइदाकडे," रेनफ्रो म्हणाले. "मुलगी त्यांची देखभाल करते, दिवसभर घरात असते. तिच्याकडे स्वतःचं एकही शस्त्र नाही. आणि दोन आठवड्यांपूर्वी तिनं तुमच्याकडे नेमक्या त्याच आकाराच्या रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर सांगितलं. घोडा नाही आणि खोगीर शिवायला टाकलं. तुम्हीच सांगा, मॅम."

"त्या आकाराची आमच्याकडे वर्षाला दोनशे होतात," लाडी आतून चष्मा पुसत आला. "आजही तीन आहेत. तिचं, गस फोयतिकचं आणि वॉरन कोपेकीचं. तिघांनाही अटक करा."

गस हा एमिलचा जुना दोस्त, तेतांचा शेजारी. वॉरन हा एमिलचा पुतण्या, त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. दोघंही दर रविवारी डॉमिनोला असतात.

"त्या दोघांकडे स्वतःची शस्त्रं आहेत," रेनफ्रो म्हणाले. "होल्स्टर बघू?"

मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत पाहिलं.

"हे काळं कशानं?"

लाडीनं माझ्याकडे पाहिलं. दुसरं काही सांगता आलं असतं. पण रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साला जाऊन मी जीभ खरं बोलो एवढीच कृपा मागते.

"ओलं असताना त्यात खरं रिव्हॉल्व्हर घातलं गेलं," मी म्हणाले. "आणि ते पूर्ण पोलादी होतं. हल्लीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. त्याचा डाग पडला असता तर गोळ्यांच्या मधल्या चक्रापुरताच. इथं चापाची कमानसुद्धा काळी आहे."

"म्हणजे एमिल कोपेकीच्या रिव्हॉल्व्हरसारखं."

"हो."

"आणि ते या मुलीच्या होल्स्टरमध्ये."

मी मान हलवली. नेरेइदाची नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. शस्त्रचोरीचा गुन्हा नुसता नोंदवला गेला तरी तिला कुणी परीक्षेला बसू दिलं नसतं. पोरीनं चार वर्षं दिवसा काम करून अभ्यास केला होता, आणि तिच्या गळ्यातला फास मी माझ्या हातानं आवळला होता.

३

"उद्या दुपारी बारापर्यंत थांबा," मी म्हणाले. "आणि हा डाग कुणाला सांगू नका."

"का, मॅम?"

"चामडं मी ओलं केलं, वाळतही मीच घातलं. त्याच्यावर काय घडलं ते मला कळायला हवं."

रेनफ्रोंनी टोपी घातली. "उद्या बारा," म्हणाले आणि गेले.

लाडी स्टुलावर बसला. "अल्बिना, तुला खोटं बोलायचं नव्हतं हे ठीक. पण एवढं सविस्तर खरं कशाला बोलायचं?"

"ऑर्डरींचे कागद काढ."

ऑर्डर घेताना लाडी माणसाला जे विचारतो ते पाद्रीही विचारत नाही. कुठला हात, कुठला खिसा, रोज कुठली पँट, बसता किती, गाडी किती चालवता, त्याच खिशात आणखी काय कोंबता. उत्तरं तो स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो.

नेरेइदा डावखुरी. कामाची पँट पातळ कापडाची, म्हणून रिव्हॉल्व्हरचा आकार बाहेर उमटू नये यासाठी बाहेरच्या अंगाला रुंद सपाट पट्टी. "शस्त्र अजून घेतलेलं नाही. परीक्षा झाल्यावर घेईन. मग रात्रीपाळीला आडरस्त्यानं जावं लागेल," असं तिनं सांगितलं होतं. लाडीच सगळ्यांना सांगतो की आधी खिशात काय मावतं ते बघा, मग शस्त्र घ्या. त्याचंच ऐकून पोरगी अडकली होती.

गस उजवा. छातीपर्यंत येणारी बिबवाली पँट, बाजूला खोल खिसा. शेजारी लाडीचा शेरा: "या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतो. ठेवणार नाही म्हणाला. खोटं बोलतोय."

वॉरन उजवा. घट्ट जीन्स, म्हणून सगळ्यात पातळ चामडं, आणि रिव्हॉल्व्हर काढताना होल्स्टर खिशाला अडकून आतच राहावं यासाठी मागे मोठा आकडा. शस्त्र: "नवीन, हलकं, ॲल्युमिनियमचं."

तिन्ही बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. पट्टी आणि आकडा आम्ही शेवटी शिवतो. त्याआधी ओली असताना तिन्ही सारखीच दिसतात, नवख्याला डावं-उजवंही कळत नाही.

"ओली कधी होती?" लाडीनं विचारलं.

"मंगळवारी. नऊला नकली रिव्हॉल्व्हरच्या साच्यावर बसवली, दहाला साचे काढून वाळत घातली. संध्याकाळी कोरडी ठणठणीत."

"आणि मंगळवारी आलं कोण?"

"दहानंतर वॉरन आणि गस, एकामागोमाग, आपापलं होल्स्टर बघायला. नेरेइदा नाही आली."

"मग झालं. आपण दोघं तर इथंच होतो. कुणी हात लावला असता तर दिसलं नसतं?"

पण मंगळवारी एक वेळ अशी होती, जेव्हा मी दाराकडे पाठ केली होती.

४

बारा वाजता चर्चची घंटा होते. ती झाली की मी आरी खाली ठेवते, भिंतीवरच्या मरियेच्या चित्राकडे तोंड करते आणि प्रार्थना म्हणते. तीन मिनिटं लागतात. या एकतीस वर्षांत फक्त बाळंतपणात चार दिवस चुकले. गावाला हे ठाऊक आहे. गिऱ्हाईक असलं तर टोपी काढून थांबतं. लाडी त्या वेळी मागच्या ओट्यावर जेवत असतो.

मंगळवारी प्रार्थना म्हणताना दाराची घंटी वाजली होती. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. आमेन म्हणून वळले तर कुणी नव्हतं.

लाडीला हे सांगितलं, तसा तो म्हणाला, "तीन मिनिटांत कुणीही येऊन गेलं असेल. नेरेइदासुद्धा."

"नेरेइदा त्या वेळी तेतांना जेवू घालत असते."

"तेतांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. साक्ष म्हणून काय उपयोग?"

दुपारी मी तेतांकडे गेले. नेरेइदा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी होती. डोळे सुजलेले, पण हात चालू. तिनं मला कॉफी दिली आणि खसखस भरलेले कोलाची, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, पुढे केले.

"मिस अल्बिना, मी घेतलं नाही," ती एवढंच म्हणाली.

"ठाऊक आहे, पोरी. बस जरा."

तेता खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "मलाही ठाऊक आहे. मी त्या टोपीवाल्याला सांगितलं की ही चोरी करेल कशाला? परीक्षा पास झाली की ते मी तिलाच देणार होते."

नेरेइदानं बशी खाली ठेवली. "तेता? मला?"

"आता कळलंच ना तुला. नर्स झालीस की रात्री-अपरात्री त्या ओसाड रस्त्यांवरून जाशील. एमिलला आवडलं असतं."

"टोपीवाल्याला हे सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. तो म्हणाला, मॅम, तुम्ही विसरता."

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"रविवारी डॉमिनो खेळताना बोलले. ही तेव्हा आत भांडी घासत होती. गस म्हणाला, एमिलनं ते मला कबूल केलं होतं. वॉरन म्हणाला, काका माझा, तर वस्तू माझी. मी म्हटलं, दोघंही गप्प बसा, पाळी कुणाची आहे? चहाच्या वेळी घरभर फिरले दोघं, तोंडं फुगवून."

म्हणजे घेण्याचं कारण दोघांनाही होतं आणि त्या दिवशी संधीही दोघांना होती. किल्लीचा प्रश्नच नव्हता. पण डाग पडला होता तिसरीच्याच होल्स्टरमध्ये. ते मला उलगडेना.

५

शुक्रवारी माझा उपास असतो. नुसत्या काळ्या कॉफीवर डोकं चांगलं चालतं.

साडेअकराच्या सुमारास नेहमीसारखं ऊन खिडकीतून वाळवणाच्या स्टँडवर सरकलं. हे स्टँड म्हणजे चार पायांवरची आडवी दांडी, तिला खुंट्या. एक टोक खिडकीकडे, एक भिंतीकडे. ओल्या चामड्यावर ऊन पडलं की ते तडकतं, म्हणून मी रोज या वेळी पडदा ओढते, आणि दोन्ही टोकं सारखी वाळावीत म्हणून अख्खं स्टँड फिरवते. खिडकीकडचं टोक भिंतीकडे जातं, भिंतीकडचं खिडकीकडे येतं.

त्या दिवशी दांडी हातात धरली आणि तशीच उभी राहिले.

"लाडी," मी हाक मारली. "मंगळवारी सकाळी वॉरनला त्याचं होल्स्टर कुठलं म्हणून सांगितलंस?"

"खिडकीकडच्या खुंटीवरचं."

"गसला?"

"मधलं. का?"

"भिंतीकडच्या खुंटीवर नेरेइदाचं होतं."

लाडीला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं चष्मा काढला. "साडेअकराला तू स्टँड फिरवलंस."

"रोज फिरवते. गिऱ्हाइकाला ते कुठून ठाऊक असणार? बारा वाजता खिडकीकडे नेरेइदाचं होल्स्टर होतं. गसचं मात्र मधल्या मध्ये राहिलं. त्यानं हा उद्योग केला असता तर मधलं काळं झालं असतं."

तेवढ्यात रेनफ्रो आले. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी स्टँड स्वतः फिरवून पाहिलं.

"सुरेख आहे, मॅम. पण कोर्टात वकील विचारेल की मुलीनं स्वतःच येऊन स्वतःचं होल्स्टर ओळखून घेतलं नसेल कशावरून? हा तर्क झाला. पुरावा नाही."

"तिघांना पावणेबाराला बोलावलंय, शेवटच्या फिटिंगसाठी. तुम्ही त्या स्टुलावर बसा. मी एकच गोष्ट सांगणार आहे."

६

गस पहिला आला. पँटच्या खोल खिशातून पेपरमिंटचा वास येत होता.

"ठेवणार नाही म्हणाला होतास," लाडी म्हणाला.

"या त्या गोळ्या नाहीत. या दुसऱ्या." रेनफ्रोंना पाहून त्यानं भुवया उडवल्या. "अरे वा, आज फिटिंगला पोलीस बंदोबस्त."

मग नेरेइदा आली आणि दाराशीच उभी राहिली. शेवटी वॉरन आला, टोपी नीट हातात धरून, सगळ्यांना नमस्कार करत. नेरेइदाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

होल्स्टरं मी कापडाखाली झाकून ठेवली होती.

"थोडी अडचण झाली आहे," मी म्हणाले. "तिघांपैकी एक होल्स्टर वाळताना आतून काळं पडलंय. ते पुन्हा करावं लागेल, आठ दिवस जातील."

"कुणाचं?" नेरेइदानं विचारलं.

"माझं असणार," गस म्हणाला. "माझ्या लग्नात केकसुद्धा करपला होता."

वॉरन हसला नाही. तो पुढे आला. "मिस अल्बिना, माझं पुन्हा करू नका. आतून काळं असलं तर असू दे, तिथं कोण बघतंय? आहे तसं घेऊन जातो."

स्टुलावरच्या रेनफ्रोंनी मान वर केली.

"तुझंच आहे असं मी म्हटलं नाही, वॉरन," मी म्हणाले.

"म्हणजे... मला वाटलं. खिडकीशी होतं, उन्हानं वगैरे..."

"उन्हानं चामडं काळं होत नाही. लोखंडानं होतं." मी कापड बाजूला केलं आणि आकडा शिवलेलं त्याचं होल्स्टर त्याच्या हातात दिलं. "बघ."

त्यानं आत पाहिलं. मग बोट घातलं. मग उजेडात धरलं. आतून ते साईसारखं स्वच्छ होतं. त्याचा चेहरा मात्र मेणासारखा झाला. त्यानं मान वळवून स्टँडकडे पाहिलं, खिडकीकडच्या खुंटीकडे.

"ते मी रोज साडेअकराला फिरवते," मी हळूच म्हणाले. "तू घातलंस ते नेरेइदाच्या होल्स्टरमध्ये. आपलं होल्स्टर काळं पडायला कारण आहे हे तिघांत एकालाच ठाऊक होतं, आणि त्याला कुठलं काळं पडलं ते मात्र ठाऊक नव्हतं."

वॉरन बाकावर बसला. रेनफ्रो उठले नाहीत. त्यांनी नुसती वही काढली.

"काकाचं होतं ते," वॉरन म्हणाला. "सहा वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी डब्यांवर नेम धरायला शिकवलं. रविवारी तेता म्हणाल्या की हिला देणार. मी ते खिशात टाकलं आणि घरी गेलो. साचा नव्या रिव्हॉल्व्हरचा, काकाचं जुनं त्यात बसेल का, एवढंच बघायचं होतं. मंगळवारी तुमची पाठ होती... बसलं बरोबर. घरी येऊन बघतो तर रिव्हॉल्व्हरवर गंजाचे ठिपके. तेव्हाच वाटलं की आत काहीतरी झालं असणार."

"आणि हिच्यावर आळ आला तेव्हा?" गसनं विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं? माझ्या गोळ्या?"

मी वॉरनसमोर गेले.

"घेतलंस ते मला समजतं," मी म्हणाले. "काकाची आठवण प्रत्येकाला जवळ हवी असते. पण दोन दिवस गप्प बसलास, त्यासाठी या मुलीसमोर उभा राहा."

तो उभा राहिला. टोपी दोन्ही हातांत चुरगळत तिच्यासमोर गेला. "चुकलो," म्हणाला. "तुझी परीक्षा..."

"परीक्षा बारा तारखेला आहे," नेरेइदा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "मी देणार आहे."

रिव्हॉल्व्हर वॉरनच्या दुकानात खाद्याच्या पोत्यामागे सापडलं. चापाच्या कमानीवर आणि नळीवर गंजाचे बारीक ठिपके होते. डागाशेजारी धरलं तर ठिपक्याला ठिपका जुळत होता.

७

पुढचं सरकारी कामकाज मला फारसं कळत नाही. तेतांनी पुतण्याला तुरुंगात घालायला नकार दिला, आणि दर रविवारी त्यांची औषधं आणून देण्याची शिक्षा ठोठावली. डॉमिनोत त्याची पाळी आता सगळ्यात शेवटी असते.

नेरेइदा पास झाली. त्याच आठवड्यात तेतांनी ठिपके घासून लख्ख केलेलं एमिलचं रिव्हॉल्व्हर रीतसर कागद करून तिला दिलं, आणि ती आमच्या दुकानात आली. शस्त्र गाडीत ठेवून, कामाची पातळ पँट घालून.

लाडीनं तिच्यासाठी नवं होल्स्टर करून ठेवलं होतं. आतून स्वच्छ, पट्टी आणखी रुंद, कड आरशासारखी. दोन्ही त्यानं टेबलावर मांडली.

"हे घे. ते डागाळलेलं मी फेकून देतो."

तिनं नवं खिशात घालून पाहिलं, बसली, उठली. मग जुनं घातलं, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग काळ्या डागात बोट फिरवलं.

"मिस्टर लाडी, नवं प्लास्टिकवर बसवलंय ना?"

"सगळीच बसवतो."

"हे त्याच रिव्हॉल्व्हरवर बसलंय." तिनं जुनं छातीशी धरलं. "मला हेच द्या."

 एकतीस वर्षांत डागाळलेला माल लाडीच्या हातून दुकानाबाहेर गेलेला नाही. त्यानं वडिलांचा जुना शिक्का काढला, होल्स्टरच्या कोपऱ्यावर ठेवला आणि हातोडीचा एकच ठोका मारला.

"आणि तू," तो मला म्हणाला, "आता तरी दाराकडे तोंड करून प्रार्थना म्हणत जा."

"चित्र भिंतीवर आहे, लाडी."

बाराची घंटा झाली. मी आरी खाली ठेवली, दाराकडे पाठ केली आणि हात जोडले. दाराची घंटी वाजेल असं वाटलं होतं, पोरीला कामावर पोचायचं होतं. ती वाजली नाही. अर्धी प्रार्थना झाल्यावर माझ्या मागून नेरेइदाचा आवाज त्याच ओळी म्हणू लागला.